पी-व्हॅल्यू ०.१५ आली म्हणजे पगारात तफावत नाही, असे म्हणता येते का?

नीरजा (धागाकर्ती)

आमच्या कार्यालयात स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा आढावा घेण्यासाठी एक अंतर्गत समिती नेमण्यात आली असून मी तिची सदस्य आहे. पहिला अहवाल एका विभागातील एकाच पदावर काम करणाऱ्या आठ जणांविषयी आहे. नावे काढून टाकलेले मासिक पगार (हजारांत) असे आहेत. पुरुष: ६२, ५८, ५५, ४९. स्त्रिया: ५७, ५०, ४७, ४४.

पुरुषांची सरासरी ५६ आणि स्त्रियांची ४९.५ येते, म्हणजे स्त्रियांचा पगार सरासरीने ६.५ हजारांनी, अर्थात ११.६ टक्क्यांनी कमी आहे. अहवाल लिहिणाऱ्या विश्लेषकाने यावर टी-टेस्ट (दोन सरासरींतील फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी चाचणी) केली, पी-व्हॅल्यू ०.१५ च्या आसपास आली आणि निष्कर्षात एकच वाक्य लिहिले: ‘सांख्यिकीय चाचणीनुसार या पदावर लिंगाधारित वेतन-तफावत नाही.’

महाविद्यालयात शून्य परिकल्पना (फरक नाही हे गृहीत), पर्यायी परिकल्पना (फरक आहे हे गृहीत), सार्थकता पातळी (पी-व्हॅल्यू जिच्या खाली आल्यास शून्य परिकल्पना नाकारतात ती मर्यादा, बहुधा ०.०५) हे सारे मी शिकले आहे, परंतु ते शिकून बरीच वर्षे झाली. ०.१५ ही संख्या ०.०५ पेक्षा मोठी आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही, इथवर मला समजते. मात्र ‘नाकारता येत नाही’ येथून ‘तफावत नाही’ येथवर अहवालाने जी उडी घेतली आहे ती मला पटत नाही. पुढच्या बैठकीत मला यावर बोलायचे आहे आणि माझे म्हणणे नेमके असावे अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुबोध

तुमची शंका रास्त आहे. आरोप सिद्ध न होणे आणि निर्दोषत्व सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पी-व्हॅल्यूचा अर्थ एवढाच आहे की शून्य परिकल्पना, म्हणजे लिंगाचा पगाराशी काही संबंध नाही हे विधान, खरे मानले तर ६.५ हजारांची किंवा त्याहून मोठी तफावत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता १५ टक्के आहे. ‘तफावत नसण्याची शक्यता १५ टक्के’ किंवा ‘८५ टक्के’ असा तिचा अर्थ होत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूविषयी काढलेल्या निवेदनातही हे स्पष्ट केलेले आहे की पी-व्हॅल्यू परिकल्पना खरी असण्याची शक्यता मोजत नाही आणि परिणामाचा आकारही मोजत नाही.

अहवालात विश्वास अंतराल, म्हणजे खरी तफावत ज्या दोन मर्यादांत असू शकते तो पट्टा, दिले आहे का? नसेल तर तुम्हीच काढा. तुमच्या आकड्यांवरून फरकाची प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) ३.९ येते, मुक्तता मात्रा (आठ पगार वजा दोन सरासरी) ६ धरल्यास तिला गुणायचा टी-कोष्टकातील गुणक २.४४७ आहे आणि ९५ टक्क्यांचे अंतराल उणे ३.१ पासून अधिक १६.१ हजारांपर्यंत जाते. म्हणजे शून्य तफावत या माहितीशी जितकी सुसंगत आहे तितकीच १३ हजारांची तफावतही सुसंगत आहे, कारण दोन्ही संख्या ६.५ पासून सारख्याच अंतरावर आहेत. ज्या अहवालाला १३ हजारांची तफावतही फेटाळता येत नाही, त्याने ‘तफावत नाही’ असे लिहिणे चूक आहे.

गणितप्रेमी

सुबोध यांच्याशी सहमत. टी-टेस्टच्या सूत्रामागे प्रसामान्य वितरणाचे (आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले असण्याचे) गृहीत असते आणि चार-चार जणांच्या गटांत ते तपासायला जागाच नसते. त्यामुळे समितीतील सांख्यिकी न शिकलेल्या सदस्यांना समजावण्यासाठी मी क्रमबदल चाचणी सुचवीन. सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ही पद्धत आली आहे आणि तुमच्या आठ जणांसाठी ती कागदावर पूर्ण करता येते.

आठ पगार आठ चिठ्ठ्यांवर लिहा. लिंगाचा पगाराशी खरोखर संबंध नसेल, तर यांतील कोणत्याही चार चिठ्ठ्या स्त्रियांच्या वाट्याला येणे सारख्याच शक्यतेचे आहे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. स्त्रियांच्या पगारांची प्रत्यक्षातली बेरीज १९८ आहे. आता ७० पैकी किती प्रकारांत ही बेरीज १९८ किंवा त्याहून कमी येते ते मोजायचे.

४४, ४७, ४९, ५० यांची बेरीज १९०.
४४, ४७, ४९, ५५ यांची १९५.
४४, ४७, ५०, ५५ यांची १९६.
४४, ४७, ४९, ५७ यांची १९७.
४४, ४७, ४९, ५८ यांची १९८.
४४, ४७, ५०, ५७ यांची १९८. (ही तुमची प्रत्यक्ष स्थिती.)
४४, ४९, ५०, ५५ यांची १९८.

बस्स, सातच. म्हणजे एकपुच्छ (फक्त एका दिशेची तफावत मोजणारी) पी-व्हॅल्यू ७ भागिले ७०, अर्थात ०.१०, आणि पुरुषांच्या विरुद्ध बाजूची तितकीच मोठी तफावतही मोजली तर द्विपुच्छ पी-व्हॅल्यू १४ भागिले ७०, म्हणजे ०.२०. बैठकीत या चिठ्ठ्या प्रत्यक्ष टेबलावर मांडून दाखवा. पी-व्हॅल्यू म्हणजे काय, हे समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

तटस्थ

मला या चर्चेच्या पायाविषयीच शंका आहे. सार्थकतेची चाचणी नमुन्यावरून समष्टीविषयी (ज्यातून नमुना घेतला त्या संपूर्ण समूहाविषयी) अनुमान काढण्यासाठी असते. शितावरून भाताची परीक्षा करायची असेल तेव्हा ते शीत नेमके कुठून उचलले गेले, याची अनिश्चितता विचारात घ्यावी लागते. येथे तर अख्खा भातच समोर आहे. त्या पदावर आठच जण आहेत आणि आठही जणांचे पगार माहीत आहेत. स्त्रियांचा सरासरी पगार ११.६ टक्क्यांनी कमी आहे हे अनुमान नसून मोजलेली वस्तुस्थिती आहे. मग पी-व्हॅल्यू हवी कशाला? विश्लेषकाने चाचणी करून साध्या गोष्टीत धुके निर्माण केले असे माझे मत आहे.

सुबोध

तटस्थ, आक्षेप महत्त्वाचा आहे आणि अर्ध्यापर्यंत मला तो मान्य आहे. ‘या आठ जणांत तफावत आहे का’ या प्रश्नाला चाचणीची गरज नाही आणि म्हणूनच ‘तफावत नाही’ हे वाक्य दुप्पट चुकीचे ठरते.

परंतु समितीचा खरा प्रश्न तो नाही. पगार ठरवण्याची जी प्रक्रिया आहे, म्हणजे भरतीच्या वेळची बोलणी, वरिष्ठांचे मूल्यमापन, वार्षिक वाढ, ती लिंगाकडे पाहून चालते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. लिंगाकडे अजिबात न पाहणाऱ्या प्रक्रियेतूनही आठ जणांच्या दोन गटांत थोडाफार फरक पडणारच, कारण दोन माणसांचे पगार इतर शेकडो कारणांनी वेगळे असतात. गणितप्रेमींच्या चिठ्ठ्या हेच विचारतात की अशा आंधळ्या प्रक्रियेतून एवढा फरक कितीदा पडेल. तेथे समष्टी माणसांची नसून त्या प्रक्रियेतून येऊ शकणाऱ्या निकालांची आहे.

तटस्थ

हे स्पष्टीकरण मला पटले. मग अहवालात दोन्ही वाक्ये वेगवेगळी लिहिली जावीत. प्रत्यक्ष तफावत किती आहे हे एक, आणि ती आंधळ्या प्रक्रियेतून कितपत येऊ शकते हे दुसरे.

सातत्य

मी सर्वेक्षणांच्या नमुना-आकाराचे काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते. अशा अहवालांत सर्वांत जास्त दुर्लक्ष चाचणीच्या सामर्थ्याकडे होते. खरी तफावत अस्तित्वात असताना चाचणीने ती पकडण्याची शक्यता म्हणजे सामर्थ्य.

नीरजा यांच्या विभागात खरी तफावत नेमकी ६.५ हजार आहे आणि पगारांचा विखुरलेपणा आज दिसतो तेवढाच आहे असे मानले, तरी चार-चार जणांवर केलेली टी-टेस्ट ०.०५ च्या पातळीवर ती तफावत दहापैकी साधारण तीन वेळाच पकडेल. उरलेल्या सात वेळा अहवालात हेच ‘तफावत नाही’ येईल. ज्या चाळणीची भोके इतकी मोठी आहेत तिच्यात काही अडकले नाही, याला पुरावा कसे म्हणायचे?

मोठ्या गटांचा अंदाज हवा असेल तर, प्रमाण विचलन (विखुरलेपणाचे माप) सरासरीच्या १० टक्के असताना ५ टक्क्यांची तफावत ८० टक्के सामर्थ्याने पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ६३ जण लागतात. प्रमाण विचलन ३० टक्के असेल, आणि निरनिराळ्या पदांची सरमिसळ केली की ते सहज तेवढे होते, तर प्रत्येक गटात सुमारे ५६५ जण लागतात. एवढी माणसे बहुतेक संस्थांत एका प्रकारच्या कामावर नसतातच.

वेतनपत्रक

मी अनेक वर्षे वेतन विभागात काम केले आहे आणि मला दुसऱ्या बाजूची अडचण सांगायची आहे. संपूर्ण संस्थेचे आकडे एकत्र केले की संख्या मोठी होते, पी-व्हॅल्यू लहान येते आणि मग ‘भेदभाव सिद्ध झाला’ असे जाहीर केले जाते. तेही तितकेच चुकीचे आहे.

एक कल्पित संस्था घ्या. कनिष्ठ पदांवर २० पुरुष आणि ८० स्त्रिया, वरिष्ठ पदांवर ८० पुरुष आणि २० स्त्रिया. कनिष्ठ पदावर पुरुषांची सरासरी ४० हजार व स्त्रियांची ४१, वरिष्ठ पदावर पुरुषांची ९० व स्त्रियांची ९२. दोन्ही पदांवर स्त्रियांचा पगार थोडा जास्तच आहे. आता एकत्र सरासरी काढा. पुरुषांची ८० येते आणि स्त्रियांची ५१.२. म्हणजे एकूण तफावत ३६ टक्के! याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. एकूण पाहता पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. १९७५ मध्ये बिकेल आणि सहकाऱ्यांनी विभागवार आकडे तपासले तेव्हा तो कल नाहीसा झाला, कारण स्त्रियांचे अर्ज मुख्यतः जेथे प्रवेश मिळणे सर्वांसाठीच कठीण होते अशा विभागांत होते.

ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना ताशी वेतनातील तफावत, सरासरीची आणि मध्यकाची (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या वेतनाची), जाहीर करावी लागते. ती एकूण तफावत असते. समान कामाला समान वेतन मिळते की नाही, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही आणि वाचणारे मात्र नेमके तेच उत्तर तिच्यातून काढतात.

उत्तररात्र

वेतनपत्रक, तुमचे गणित अचूक आहे, पण तुम्ही जेथे थांबलात तेथे मला थांबता येत नाही. तुमच्या कल्पित संस्थेत शंभरातील ऐंशी पुरुष वरिष्ठ पदावर आणि शंभरातील ऐंशी स्त्रिया कनिष्ठ पदावर का आहेत? पदानुसार वर्गवारी केली की तफावत दिसेनाशी होते हे खरे, पण ती नाहीशी झाली नाही, पदोन्नतीच्या कोष्टकात जाऊन बसली.

पद, श्रेणी, कामगिरीचे गुण हे घटक दुहेरी स्वरूपाचे असतात. एका बाजूने ते पगाराचे रास्त कारण असतात आणि दुसऱ्या बाजूने तेच भेदभावाचा परिणाम असू शकतात. पदोन्नती देतानाच अन्याय झाला असेल आणि आपण पद ‘स्थिर ठेवून’ पगाराची तुलना केली, तर ज्या वाटेने अन्याय झाला तीच वाट आपण मोजणीतून वगळतो. शिक्षण किंवा नोकरीला लागण्यापूर्वीचा अनुभव यांच्याबाबत ही अडचण कमी आहे, कारण ते मालकाच्या निर्णयाआधीचे असतात. म्हणून माझा आग्रह असा असतो की रिग्रेशन (अनेक घटकांचा पगारावरील परिणाम वेगवेगळा काढणारे गणित) एक नसावे, दोन असावीत. पहिल्यात फक्त संस्थेत येण्याआधीचे घटक, दुसऱ्यात पद आणि श्रेणीही. दोन्हींतील लिंगाच्या गुणकांत (लिंगामुळे पगारात पडणाऱ्या फरकाच्या आकड्यांत) पडणारा फरकच सांगतो की पदांच्या वाटपाकडे किती बारकाईने पाहायला हवे.

न्यायालयांनीही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या बेझमोर खटल्यात म्हटले की रिग्रेशनमध्ये शक्य असलेले सर्व घटक नाहीत एवढ्यावरून ते विश्लेषण सहसा अग्राह्य ठरत नाही, त्याचे वजन तेवढे कमी होते. त्याआधी १९७७ च्या कास्टानेडा खटल्यात, तो ज्यूरीच्या निवडीविषयीचा होता, अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्येतील फरक दोन-तीन प्रमाण विचलनांहून अधिक असेल तर तो योगायोग मानणे संशयास्पद ठरते असे त्याच न्यायालयाने नोंदवले आणि पुढे नोकरीविषयक खटल्यांत तो मापदंड वापरला गेला.

वेतनपत्रक

उत्तररात्र, मान्य. पदोन्नतीचा प्रश्न मी वगळला, कारण वेतन विभागात आमच्यासमोर पद ठरलेलेच येते. तो प्रश्न वेतन विभागाचा नसला तरी समितीचा नक्कीच आहे.

रेवती

या संदर्भात अर्थतज्ज्ञ ब्लाउ आणि कान यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या २०१० च्या आकडेवारीत स्त्रियांचे ताशी वेतन पुरुषांच्या सुमारे ७९ टक्के होते. शिक्षण, अनुभव, व्यवसाय, उद्योग हे सारे हिशेबात घेतल्यावर ते सुमारे ९२ टक्क्यांवर आले. म्हणजे सुमारे ८ टक्क्यांचा भाग उपलब्ध घटकांनी समजावता आला नाही. आणि जो भाग ‘समजावला’ गेला त्यात सर्वांत मोठा वाटा व्यवसाय आणि उद्योग यांचा होता, म्हणजे उत्तररात्र यांनी उपस्थित केलेला प्रश्न तेथेही उभा राहतोच.

गणितप्रेमी

‘समजावलेला’ आणि ‘न समजावलेला’ भाग हे शब्द आले आहेत तर त्यांचे गणित पाहू. अर्थतज्ज्ञ ओआहाका आणि ब्लाइंडर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या विघटनातून हे शब्द आले.

समजा पुरुषांचा सरासरी अनुभव १२ वर्षे आणि स्त्रियांचा ९ वर्षे आहे. दोघांचा मूळ पगार ३० हजार. पुरुषांना अनुभवाच्या प्रत्येक वर्षामागे २ हजार मिळतात, स्त्रियांना दीड हजार. पुरुषांची सरासरी ५४ आणि स्त्रियांची ४३.५, तफावत १०.५ हजार. पुरुषांचा दर प्रमाण मानला तर अनुभवातील तीन वर्षांच्या फरकामुळे ६ हजार ‘समजतात’ आणि ४.५ हजार उरतात. स्त्रियांचा दर प्रमाण मानला तर बरोबर उलटे होते: ४.५ हजार समजतात आणि ६ हजार उरतात. आकडे तेच, तफावतही तीच, तरी कोणता दर ‘योग्य’ मानला यावर उत्तर बदलते. तो निर्णय संगणक करत नाही, माणूस करतो, आणि त्याने तो अहवालात लिहायला हवा.

सातत्य

रेवती यांच्या मुद्द्याला एक जोड. न समजावलेला भाग म्हणजे आपोआप भेदभाव नव्हे आणि समजावलेला भाग म्हणजे आपोआप न्याय नव्हे. उबरच्या दहा लाखांहून अधिक अमेरिकी चालकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे भाडे ठरवणारे सूत्र चालकाचे लिंग पाहत नाही, तरीही पुरुषांची ताशी कमाई सुमारे ७ टक्क्यांनी जास्त निघाली. कामाचा अनुभव, कोठे व केव्हा गाडी चालवायची याची निवड आणि गाडीचा वेग या तीन गोष्टींनी ती जवळजवळ पूर्ण समजावली गेली. दुसरीकडे डेन्मार्कच्या नोंदींवरून क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घटते आणि दीर्घकाळ भरून निघत नाही. ही तफावत ‘समजावलेली’ आहे, पण ती समजली म्हणून तिच्याकडे पाहायचे नाही असे कसे म्हणता येईल?

निशांत

एक साधा प्रश्न. टी-टेस्टऐवजी मॅन-व्हिटनी (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारी चाचणी) वापरली तर चालेल का? पगार क्वचितच प्रसामान्य असतात. वरच्या टोकाला एक-दोन फार मोठे पगार असतात आणि सरासरी तिकडे ओढली जाते.

सुबोध

चालेल, पण प्रश्न बदलेल. मॅन-व्हिटनी सरासरींची तुलना करत नाही. यादृच्छिकपणे निवडलेल्या पुरुषाचा पगार यादृच्छिकपणे निवडलेल्या स्त्रीच्या पगाराहून जास्त असण्याची शक्यता निम्म्याहून वेगळी आहे का, असे ती साधारणपणे विचारते. आणि वरचे ते दोन मोठे पगार दोन्ही पुरुषांचेच असतील तर ते तफावतीचाच भाग आहेत, त्यांना अडथळा समजून दूर करू नये. मी सहसा पगाराचा लॉग (लॉगॅरिदम) घेतो, त्यामुळे फरक टक्क्यांत वाचता येतो, आणि दोन गटांचे प्रचरण (विखुरलेपणा) समान आहे असे न मानणारी वेल्चची चाचणी वापरतो. सरासरी आणि मध्यक दोन्ही छापावेत.

तटस्थ

आणखी एक सावधगिरी. समिती पुढे सगळे विभाग तपासणार असेल तर २० विभागांत २० चाचण्या होतील. कोठेही भेदभाव नसला तरी ०.०५ च्या पातळीवर किमान एका विभागात ‘सार्थक’ फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. बोनफेरोनीच्या पद्धतीने पातळी ०.०५ भागिले २०, म्हणजे ०.००२५ करता येते, पण मग सातत्य यांची चाळणी आणखीच मोठ्या भोकांची होते. कोणते विभाग आणि कोणती चाचणी हे आकडे पाहण्याआधी लिहून ठेवावे एवढे तरी नक्की करावे.

नीरजा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या चार दिवसांत मी सर्व प्रतिसाद दोनदा वाचले आणि उत्तररात्र यांच्या प्रतिसादानंतर आमच्या आस्थापना विभागाकडून त्या आठ जणांच्या रुजू होण्याच्या तारखा मागवल्या. त्यातून एक गोष्ट समोर आली जी अहवालात कोठेच नव्हती. या पदावर चार वेळा भरती झाली आणि योगायोगाने प्रत्येक वेळी एक पुरुष आणि एक स्त्री एकाच दिवशी रुजू झाले. पात्रतेची अट दोघांना सारखीच होती. रुजू होऊन झालेल्या वर्षांनुसार जोड्या अशा:

९ वर्षे: पुरुष ६२, स्त्री ५७.
७ वर्षे: पुरुष ५८, स्त्री ५०.
५ वर्षे: पुरुष ५५, स्त्री ४७.
२ वर्षे: पुरुष ४९, स्त्री ४४.

चारही जोड्यांत स्त्रीचाच पगार कमी आहे. मी जोडीनिहाय टी-टेस्ट केली तर पी-व्हॅल्यू ०.००५ आली. तेच आठ पगार, तीच ६.५ हजारांची सरासरी तफावत आणि पी-व्हॅल्यू ०.१५ ऐवजी ०.००५. माझ्याकडून काही चूक झाली आहे का?

सुबोध

चूक झालेली नाही. फरक ५, ८, ८, ५ आहेत, सरासरी ६.५, प्रमाण त्रुटी ०.८७, टी ७.५. पहिल्या चाचणीत सेवाज्येष्ठतेमुळे पडणारा फरकही ‘योगायोग’ म्हणून मोजला गेला होता. नऊ वर्षांच्या स्त्रीला ५७ आणि दोन वर्षांच्या पुरुषाला ४९ मिळतात, म्हणून दोन गट एकमेकांत मिसळलेले दिसत होते. जोड्या लावल्यावर तो गोंगाट बाजूला झाला. विश्वास अंतराल आता ३.७ ते ९.३ हजार आहे आणि शून्य त्यात बसत नाही.

गणितप्रेमी

आनंदाच्या भरात थोडे थांबू या. चार फरकांवरून प्रसामान्यतेवर विसंबणे धोक्याचे आहे. चिठ्ठ्यांची पद्धत येथेही लावू. लिंगाचा संबंध नसेल तर प्रत्येक जोडीत जास्त पगार कोणाकडे जाईल हे नाणेफेकीसारखे आहे. चार जोड्यांचे १६ प्रकार होतात. चारही वेळा पुरुष वरचढ ठरण्याचा प्रकार एक, म्हणून एकपुच्छ ०.०६२५ आणि द्विपुच्छ ०.१२५. चार जोड्यांवर या पद्धतीची द्विपुच्छ पी-व्हॅल्यू याहून खाली येऊच शकत नाही, आकडे कितीही टोकाचे असले तरी. बैठकीत दोन्ही आकडे सांगा. ०.००५ एकटाच सांगितला तर उद्या कोणी जाणकार हाच आक्षेप घेईल आणि तुमचा सगळा मुद्दा त्यासोबत वाहून जाईल.

जोड्या रुजू होण्याच्या तारखेवरून लागल्या, पगार पाहून नव्हे, हे मात्र ठळकपणे नोंदवा. तेच या विश्लेषणाचे बळ आहे.

वेतनपत्रक

मला त्या चार ओळींत वेगळेच दिसले. टक्क्यांत तफावत पाहा: नऊ वर्षांच्या जोडीत ८.१, सात वर्षांच्या १३.८, पाच वर्षांच्या १४.५ आणि दोनच वर्षांच्या जोडीत १०.२. तफावत वार्षिक वाढीतून हळूहळू साचली असती तर जुन्या जोड्यांत ती मोठी आणि नव्या जोडीत नगण्य असायला हवी होती. मी वेतन विभागात जे पाहिले त्यावरून माझा कयास असा की ती रुजू होण्याच्या दिवशीच आली असावी. पहिला पगार ठरवताना आधीच्या नोकरीतला पगार विचारला जातो आणि त्यावर काही टक्के वाढ दिली जाते. आधीच्या ठिकाणची तफावत त्या एका प्रश्नातून नव्या नोकरीत येते आणि पुढे दोघांना सारख्याच टक्क्यांनी वाढ मिळाली तरी ती कधीच कमी होत नाही. आठही जणांचे नियुक्तिपत्रातील प्रारंभिक वेतन मागवा. त्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नाही.

नीरजा (धागाकर्ती)

आज सकाळीच तशी लेखी मागणी केली आहे. अहवालातील त्या एका वाक्याऐवजी समितीपुढे पुढील मजकूर ठेवते आहे: ‘या पदावर स्त्रियांचे सरासरी वेतन ११.६ टक्क्यांनी कमी आहे. सेवाकाळ विचारात न घेता केलेली चाचणी इतक्या लहान गटात ही तफावत पकडण्यास असमर्थ आहे. एकाच दिवशी रुजू झालेल्या चारही जोड्यांत स्त्रीचे वेतन ५ ते ८ हजारांनी कमी आहे. टी-टेस्टनुसार पी-व्हॅल्यू ०.००५ आणि क्रमबदल चाचणीनुसार ०.१२५ असून चार जोड्यांवर दुसरी पद्धत याहून लहान मूल्य देऊ शकत नाही. प्रारंभिक वेतन कोणत्या आधारावर ठरवले गेले याची कागदपत्रे तपासल्याशिवाय समितीने निष्कर्ष नोंदवू नये.’

बैठक पुढील गुरुवारी आहे. चिठ्ठ्या तयार केल्या आहेत.